भाऊसाहेबांचा चेंडू

चिरंजीव,

घरात कुत्रा दिसला नाही म्हणून शोधत बसू नकोस. आपल्या या चारपायी भाऊसाहेबांना घेऊन मी जनावरांच्या डॉक्टरांकडे चालले आहे. शेजारच्या सुताराने त्याला चादरीत उचलून खाली नेलं. तुझा फोन नेहमीसारखाच लागला नाही.

काल चेंडू फेकून तू त्याला पळवलंस आणि वर ओरडलास, "आई, बघ, तरणाबांड झाला!" अरे दीडशहाण्या, स्टेरॉइडच्या गोळीने दुखणं गप्प बसतं, झिजलेले सांधे नवे होत नाहीत. बरं वाटेल तेव्हाच जास्त जपा, असं डॉक्टरीणबाई तुझ्या तोंडावर म्हणाल्या होत्या. आज त्याचे मागचे पाय उचलेनात, तर "गोळीच बंद कर" असं फर्मान सोडून तू ऑफिसला पळालास. ती एकाएकी बंद करायची नसते, हेही त्यांनी सांगितलं होतं. मी चारली आहे.

गुडघ्यांची गोळी घेऊन मी जिना चढले की तू मलाही बरी झालीस म्हणतोस. माझ्यापुढे चेंडू फेकत नाहीस, एवढेच उपकार.

तुझे बाबा गेले तेव्हा आईजवळ बसायला तुला सवड नव्हती. म्हणून हे पिल्लू माझ्या मांडीवर ठेवून गेलास. तुझं काम त्याने इतकी वर्षं इमानाने केलं.

डॉक्टरांकडून आम्ही तुझ्या मावशीकडे जाऊ. तिच्याकडे जिना नाही. आम्ही परत यावं असं वाटत असेल, तर या गुळगुळीत फरशीवर सतरंज्या अंथर. स्वतःच्या हाताने.

आई