मोटेच्या चामड्याची जोडी

अकोला,
माघ वद्य नवमी, शके १७८६

प्रिय गोदावरी,

ही दोन अक्षरं तुझ्या नावाच्या आधी लिहायला मला चार वर्षं लागली, आणि लिहिली ती अशा वेळी. काल सकाळपासून मी सुन्न आहे. समोर ताट येतं, मी त्याकडे पाहत बसतो. दुकानाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली आहे, गाडीवान एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरतात, ते सगळं कानावर पडतं आणि आत काही पोचत नाही. गेल्या मंगळवारी तुमच्या अंगणात काय झालं ते तू दाराआडून पाहिलंच असशील. भगवंत सुतार ओसरीखाली हात जोडून उभा होता आणि लग्नाच्या पाटांना चामडं लावून ते बाटवल्याचा दोष त्याच्या माथी आला. आता अमरावतीत त्याला कोणी काम देत नाही. एका देवळाच्या मखराचं बोलणं झालं होतं, तेही मोडलं. आणि बायका म्हणे त्याच्यावर थांबल्या नाहीत, तुझ्यावर आल्या. आधी ठरलेला मुलगा बोहल्यावर चढायच्या आत पटकीने गेला, मग सात वर्षं कोणी विचारलं नाही, मुलगी एकोणीस वर्षांची झाली, आणि आता पाटच बाटले. पुढचं वाक्य भगवंताने खाली मान घालून सांगितलं. मी ते लिहीत नाही.

तुला वाटत असेल मी पुण्याला कॉलेजात आहे. घरीही तसंच वाटतं. मी पौषापासून इथे आहे, भगवंताच्या दुकानात. आईने काकांकडून लिहवून घेतलेलं पत्र आलं होतं. गाय व्याली, लोणचं पाठवते, आणि त्यातच एक ओळ: वामनरावांच्या गोदीचं जमलं बरं का, आता तू मन लावून अभ्यास कर. ती ओळ मी किती वेळा वाचली असेल! मला तिचा एकच अर्थ लागला, की तिचा नाद सोड. प्रोफेसरसाहेब फळ्यावर वर्तुळ काढत होते, ते पुरं व्हायच्या आत मी जिना उतरलो. आगगाडी जिथवर येते तिथवर आगगाडीने आणि पुढे सरकीच्या पोत्यांवर बसून इथवर आलो. अमरावतीला यायची हिंमत नव्हती. बाबांना काय सांगणार? भगवंत आमच्या गल्लीतला, मला कडेवर घेऊन फिरलेला. तिकडे अमेरिकेत लढाई लागली, इथे कापसाला सोन्याचे दिवस आले, आणि जो तो सरकी काढायच्या चरख्या मागू लागला तसा तो अकोल्याला आला. त्याने मला काही विचारलं नाही. घरी कळवू नकोस म्हटलं तर नुसती मान हलवली आणि हातात रंधा दिला.

त्याच्याकडे मुंबईच्या कुणा साहेबाकडून घेतलेला एक लोखंडी शिकंजा होता. दोन जबडे, मधे मळसूत्र. लाकूड जबड्यांत धरायचं, दांडा फिरवायचा, की राक्षसाने धरल्यासारखं गच्च. पण जबड्यांना आतून दाते. सागाच्या गुळगुळीत फळीवर त्यांचे असे वण उठत की भगवंत हळहळायचा. त्याने तो कोपऱ्यात टाकून दिला होता आणि आपला पायाच्या अंगठ्याखाली लाकूड दाबूनच काम करत होता. मी म्हटलं, जबड्यांना अस्तर लावू. आठ दिवस दुसरं काही सुचलं नाही. तुझा विचार येऊ नये म्हणून मी त्या जबड्यांशी भांडत होतो म्हण. पहिल्यांदा कापूस भरून गादी केली, तर लाकूड तिच्यावरून सटकलं. तरटाचं लावलं, तर त्याची वीण लाकडावर उमटली. घोड्याच्या खोगिराखालचा नमदा मिळवला. तो इतका मऊ, की रंधा मारला की फळी थरथरे. सावरीच्या हलक्या लाकडाच्या फळ्या लावल्या, त्या चांगल्या. स्वतः दबतील पण दुसऱ्याला वण देणार नाहीत. मात्र चरखीचा गोल रूळ त्यांत फिरायचा. शेवटी विहिरीवरच्या जुन्या मोटेचं चामडं कापलं, आतली खरखरीत बाजू लाकडाकडे ठेवून सरसाने दुसऱ्या दोन फळ्यांवर चिकटवलं. खिळा एकही नाही, कारण खिळ्याचं डोकंच पुन्हा चावतं. वर्षानुवर्षं पाणी आणि तेल प्यालेलं ते चामडं. त्याने रूळ असा धरला की भगवंत हसला. पण लगेच त्याने दोन्ही जोड्या दोन खुंट्यांना लावल्या आणि मला बजावलं, “हे पाहा भाऊ, चरखीले चामड्याची जोडी अन् देवाधर्माच्या वस्तूले सावरीची. तुमी तं बामन, हे खरं तं तुमीच मले सांगाले पायजे.”

मग तुमचा गडी आला; त्याने ओळखू नये म्हणून मी फळ्यांच्या आड बसलो. अमरावतीतले सगळे सुतार गाड्या करण्यात गुंतलेले, म्हणून तुझ्या वडिलांनी, वामनरावांनी, लग्नाच्या पाटांचं काम जुन्या ओळखीने इकडे पाठवलं होतं. भगवंताने विचारलं, नवरा कोण, तर गडी म्हणाला, वकिलाच्या घरचा. अकोल्यात कापसाच्या खटल्यांवर गबर झालेले वकील दर गल्लीत आहेत, मनातल्या मनात मी प्रत्येकाच्या मुलाचा गळा धरला. भगवंताने एकसंध सागाच्या दोन फळ्या निवडल्या. सरसही कातड्याचाच, तो पाटाला लावायचा नाही म्हणून पाय नुसते खाचेत बसवले, आणि कडा घोटायचं काम माझ्यावर सोपवून तो चरख्या पोचवायला पातूरला गेला.

गोदावरी, शिकंज्याला तेव्हा चामड्याची जोडी होती. सावरीची माझ्या हाताशी, खुंटीवर. मी विसरलो नव्हतो. मी तुझ्या पाटाची कड त्या चामड्यात धरली आणि दांडा फिरवला. मग त्याचाही पाट धरला. एवढ्यावर थांबलो असतो तर कुणाला कळलंही नसतं. पण कळावं हाच तर माझा हेतू होता. डाव्या हाताने, मोडीत, नाव न घालता चिठ्ठी लिहिली आणि एका गाडीवानाबरोबर वामनरावांना पाठवली. पाट बाटले म्हणजे लग्न मोडेल, असा माझा हिशेब. तुझ्यावर कोणी बोट दाखवेल, भगवंताला जाब विचारतील, यातलं काही डोक्यात आलं नाही. डोक्यात जागाच नव्हती.

जाब द्यायला बोलावलेला भगवंत तुमच्याकडून काल परत आला. खाली बसला, पाणी प्यायला, आणि सांगू लागला. वामनरावांनी पाट पुढे ठेवून विचारलं, तेव्हा तो शपथ घ्यायलाच निघाला होता. पण शपथ घ्यायच्या आधी त्याने कडेवरून अंगठा फिरवला. चामड्यातलं तेल लाकडात उतरतं, त्याची एक पुसट काळसर पट्टी राहते. सावरीची राहत नाही. तुम्हा कुणाला ती दिसली नसती. त्याला दिसली, आणि त्यानेच ती सगळ्यांना दाखवली. कुणी केलं म्हणून विचारलं तर म्हणाला, माझ्या दुकानात झालं म्हणजे मीच केलं. मी विचारलं, माझं नाव का नाही घेतलंस? त्याने तांब्या खाली ठेवला. “कसं घेऊ भाऊ? तिथं वरपक्षाकडून तुमचे बाबा बसले होते. त्या पाटावर तुमालेच बसाचं होतं. नवरदेव तुमीच.”

बाबाही वकीलच, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी हसलो, असं तो म्हणतो. मला आठवत नाही. तो सांगत होता, की बाबांनी तुझ्या पत्रिकेसाठी तीन जोशी पालथे घातले, तिसरा हो म्हणाला तेव्हा उठले; की परीक्षा होईपर्यंत मुलाच्या कानावर घालायचं नाही असं ठरलं होतं; आणि आईने तरीही न राहवून ती एक ओळ लिहवून घेतली होती. मन लावून अभ्यास कर, एवढाच तिचा अर्थ होता. आणि मंगळवारी शेवटी बाबा म्हणे काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, सुतार बदला, मुहूर्त बदला, मुलगी बदलायची नाही. माझे बाबा! ज्यांच्या भीतीने मी घर चुकवलं, ते हे बोलले. म्हणजे मी आता नुसतं तोंड मिटून पुण्याला परत गेलो, तर फाल्गुनात नव्या पाटावर तुझ्या शेजारी बसेन. भगवंत काही बोलणार नाही. चिठ्ठी कुणाची ते तर त्यालाही ठाऊक नाही. कालपासून मी याच गोष्टीपुढे बसून आहे.

तर पुण्याला मी जात नाही. भगवंताला गाडीत घालून अमरावतीला घेऊन येतोय. तो नको नको म्हणतो, पण येईल. वामनरावांना लिहिलं असतं तर त्यांनी तुझ्यासाठी हे पोटात घातलं असतं, बाबांनी घराण्यासाठी फाडून टाकलं असतं, आणि तोंडाने सांगायला लागलो तर मी अर्ध्यात भडकेन नाहीतर रडेन. तू कुठलीच गोष्ट अर्धी वाचून टाकत नाहीस, म्हणून हे तुला. तुमच्या मैनाआत्यांच्या हाती कागद आत पाठवीन. आम्ही दोघे ओसरीखाली उभे असू. बाबांना बोलावून घे, ज्या बायका बोलल्या त्यांनाही घे, आणि चातुर्मासात पोथी वाचतेस त्या आवाजात पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाच. भगवंताला वाचता येत नाही, त्याला ऐकू जायला हवं की चामडं कुणी लावलं आणि चिठ्ठी कुणी लिहिली. बायकांना ऐकू जायला हवं की तुझ्या नशिबाने काही केलेलं नाही, मी केलं. लाज वाटली तरी ‘प्रिय’ गाळू नकोस. तुमच्या ओसरीवर मी पोथी वाचत होतो तेव्हा मी शब्द खातो असं आतून तूच एकदा म्हणाली होतीस, आणि चार वर्षं मी त्याच एका वाक्यावर काढली आहेत. सावरीची जोडी भगवंताने पुन्हा तासून बरोबर घेतली आहे. तिच्यात माझ्यासाठी नवा पाट धरायचा की नाही, ते वाचून झालं की त्यालाच सांग.

शेवटची ओळ वाचून होईपर्यंत तरी तुझाच,
चिंतामण