तुझ्या गुडघ्यांच्या मापाची शेगडी

प्रिय धाकटे,

थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. थोरली म्हणजे कोण, हे तुझ्या लक्षात नसेल म्हणून ओळख करून देते. जिच्या घरून गेल्या थंडीत तू पाचव्या दिवशी तरातरा निघून गेलीस, आणि जाताना राग तेवढा आठवणीने नेलास पण वरची कवळी न्हाणीघरातल्या पेल्यात विसरलीस, ती मी. कवळी पार्सलने पाठवली होती. पोचली असावी, कारण त्यानंतर तू आमच्याबद्दल चार घरी बरंच काही चावून चावून बोलल्याचं कानावर आलं. पोटाचं कसं आहे? रात्रीची झोप लागते का? गुडघे काय म्हणतात? (गुडघ्यांची चौकशी मी रिकामी करत नाही, पुढे कळेल.) माझी तब्येत उत्तम. हे वाक्य सूनबाईने दोनदा विचारून लिहिलं आहे.

लिहिते आहे अर्थातच सूनबाई. मी पलंगावर बसून सांगते, आणि 'कंस' म्हटलं की ती दोन चंद्रकोरी काढते. मागची दोन पत्रंही तिच्याच हातची. त्यांना तू उत्तर म्हणून एक ओळ लिहिली नाहीस. दोन्ही पत्रं शुद्धलेखन लाल पेनाने तपासून जशीच्या तशी परत धाडलीस. तीस वर्षं शाळेत शिकवलंस ते ठीक, पण अबोला धरायचा तर नीट धरावा, मध्येच गुण देऊ नयेत. दुसऱ्या पत्राला दहापैकी सात मिळाले म्हणून सूनबाई आठवडाभर हवेत होती. या पत्राला तिची आठाची अपेक्षा आहे.

तर मुद्दा. गेल्या वर्षीचं भांडण कशावरून झालं, ते तू सगळ्यांना 'ताईचं घर थंड' असं सांगतेस. खोटं. भांडण झालं त्या फिरत्या हीटरवरून. चाकाचा हीटर, एकच, आणि बहिणी दोन. पहाटे तू तो तुझ्या पायांशी ओढायचीस, मी माझ्या पायांशी ओढायची. मला थंडी वाजत होती म्हणून नव्हे हं, तत्त्व म्हणून. पाचव्या दिवशी दोघींनी एकदम ओढला, वायर उपटली, आणि तू म्हणालीस, या बर्फाच्या पेटीत पुन्हा पाऊल ठेवणार नाही. मी म्हटलं, थंडी घरात नाही, तुझ्या हाडांत आहे. मग तू गेलीस. यंदा थंडी तोंडावर आली आणि तुझ्याकडून येण्याचं चिन्ह नाही, तेव्हा मी ठरवलं की शेगडी अशी घ्यायची जी ओढताच येणार नाही. विजेची, भिंतीत बसवलेली. तुझी नाही, माझी नाही, भिंतीची. आता भिंतीशी भांड.

तुझ्या भाच्याला हे पटवायला पंधरा दिवस लागले. तुला माहीत आहे, तो बापाच्या वळणावर गेला आहे. गिऱ्हाइकाला पँट शिवून देताना जितका विचार करत नाही तितका घरात एक खिळा ठोकताना करतो. शेवटी मी दुकानातल्या मशीनशेजारी स्टूल टाकून बसले आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माझ्या धाकट्या बहिणीचे गुडघे कसे दुखतात ते सांगू लागले. चौथ्या दिवशी एक बाई ब्लाउजचं माप द्यायला आली आणि तुझ्यासाठी तेलाची बाटली देऊन गेली. पाचव्या दिवशी तुझ्या भाच्याने दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं आणि आम्ही तिघं शेगडी निवडायला बाहेर पडलो.

त्या दुकानात एका भिंतीवर तेरा शेगड्या ओळीने पेटलेल्या. काचेआड ज्वाळा, लाकडं, निखारे, सगळं साग्रसंगीत आणि सगळं खोटं. एकीत निळ्या ज्वाळा, एकीत जांभळ्या. विकणारी मुलगी गोड होती, पाठ केलेलं भराभर म्हणत होती. मी तिला विचारलं, राख कुठे पडते? म्हणाली, राख नाही आजी. धूर? धूर नाही. लाकडं कधी बदलायची? कधीच नाही. मी म्हटलं, म्हणजे ही माझ्या जावयासारखी झाली. दिसते तापट, पण काही करत नाही. (जावयाला हे सांगू नकोस. की सांग, त्याला तरी कुठे ऐकू येतं.) मुलगी घाईघाईने म्हणाली, नाही आजी, खालून गरम हवा येते ना. तिने हात धरून दाखवला. पण मी आयुष्यभर कापड चिमटीत घेतल्याशिवाय घेतलं नाही, तर शेगडी हाताच्या तळव्यावर कशी घेऊ? मी सरळ फरशीवर बैठक मारली आणि प्रत्येक शेगडीसमोर गुडघे धरून पाच पाच मिनिटं बसले. सूनबाई दुसऱ्याच दुकानातली असल्यासारखी पंख्यांकडे बघत उभी. नवव्या शेगडीसमोर मला डुलकी लागली. तीच घेतली.

खरी गंमत घरी आल्यावर. दुकान आणि बैठकीची खोली यांच्यामधली भिंत तुला आठवते ना, जिच्यावर कॅलेंडर होतं, तीच ठरली. शेगडी निम्मी भिंतीच्या आत बसते, तेवढा खाचा पाडायचा. पण उंची किती? कागदावर होती एक, पण मी म्हटलं, कागदाला काय माहीत तुझे गुडघे कुठे आहेत. आणि मग मला ह्यांच्या मापांच्या वह्या आठवल्या.

एक गोष्ट तुला आजवर सांगितली नव्हती. मी काज-बटणं करायला बसायची तेव्हा कुठला कपडा कोणाचा हे मला कळावं म्हणून हे वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढे एक चित्र काढायचे. डॉक्टरांपुढे बेडूक, पोस्टमास्तरांपुढे छत्री. तुला त्यांनी दोन पायजमे शिवून दिले होते, तू नोकरीला लागलीस त्या वर्षी. तुझ्यापुढे पोपट आहे. इतकी वर्षं तुला वाटत होतं की भाओजी तुझं बोलणं कौतुकाने ऐकतात. ऐकत होते, पण पोपटाचं. त्या वह्या माळ्यावरून काढल्या, मीच पानं उलटली, आणि बत्तीस वह्यांपैकी अकराव्या वहीत पोपट सापडला. कमरेपासून टाच किती आणि कमरेपासून गुडघा किती, दोन्ही मापं ह्यांच्या हातची. तुझ्या भाच्याने वजाबाकी केली. सूनबाई म्हणाली, पण मावशी आता तेवढ्या उंच कुठे राहिल्या? तेव्हा माझ्या मुलाने बापाचंच वाक्य टाकलं. माणूस म्हातारपणी खचतो तो कमरेच्या वर. गुडघ्याखालचं माप मरेपर्यंत तेच. तर शेगडीची गरम हवा जिथून बाहेर पडते ती फट बरोबर तुझ्या गुडघ्यांसमोर आहे. मी तुझ्यापेक्षा चार बोटं उंच, म्हणून मला ऊब नडग्यांना लागते. चालेल. नडग्याही माझ्याच आहेत.

उंची जमली आणि आकाराने दगा दिला. तुझ्या भाच्याने शेगडीचं माप घेतलं, खडूने भिंतीवर चौकोन आखला, इतका सुबक की गवंडी बघतच राहिला. गवंडी साधा माणूस; त्याने विचारलं, नक्की ना? यावर आमचे मास्तर, म्हणजे तुझा भाचा, बिघडले. पंचवीस वर्षं मापं घेतोय म्हणाले. गवंड्याने खांदे उडवले आणि रेघेला रेघ पाडून खाचा पाडला. शेगडी उचलून आत ठेवली, तर ती बापाचा कोट घातलेल्या पोरासारखी उभी. चारी बाजूंनी दोन दोन बोटं मोकळी. आम्ही चौघं बघत राहिलो. मी विचारलं, अरे, माप चुकलं कसं? माझा मुलगा म्हणाला, माप चुकलं नाही आई. आणि त्याचा चेहरा पडला. माप बरोबर होतं. त्याने हाताच्या सवयीने शिवणीसाठी दोन बोटं जास्त धरली होती. कापड कमी पडलं तर आणायचं कुठून, हे त्याच्या रक्तातच आहे. गवंडी शांतपणे म्हणाला, मास्तर, भिंत दुमडता येत नाही.

मला इतकं हसू आलं की मला पाणी द्यावं लागलं. सूनबाई आधी नवऱ्याच्या बाजूने गंभीर राहिली, मग तिचाही बांध फुटला. तुझा भाचा म्हणाला, कडेने झालर लावू. तेवढ्यात वायरमन आला होता, तो झालर हा शब्द ऐकून दारातूनच ओरडला की विजेच्या शेगडीला कापड लावणार असाल तर मी चाललो. शेवटी गवंड्यानेच विटा लावून भिंत चारी बाजूंनी आत घेतली. आता शेगडी अंगाबरोबर बसली आहे. काम संपल्यावर गवंड्याने तुझ्या भाच्याकडे पँट शिवायला टाकली, आणि माप देताना म्हणाला, मास्तर, आमच्या सवयीने करू नका हं, आम्ही रेघेवर पाडतो.

संध्याकाळी उद्घाटन. खालच्या मजल्यावरची बाई आली, तिचा नवरा आला, गवंडी थांबलाच होता, आणि एक गिऱ्हाईक पँट न्यायला आलेलं तेही खुर्ची ओढून बसलं. सूनबाईने बटण दाबलं आणि ज्वाळा अशा उसळल्या की खालची बाई 'अगंबाई' म्हणून मागे सरकली. काय ऊब, धाकटे! पाच मिनिटांत मी शाल काढली. गिऱ्हाइकाने कोटाची बटणं सोडली. खालच्या बाईचा नवरा म्हणाला, जरा बारीक करा, पाठीला घाम आला. गवंडी म्हणाला, माझी भिंत तापली असेल, आणि हात लावून 'तापलीय' म्हणाला. मी सगळ्यांना तुझ्या गुडघ्यांचं माप सांगितलं, पोपटाचं सांगितलं, बर्फाच्या पेटीचं सांगितलं. तासभर अशी मैफल रंगली की तुझी उणीव भासली. (हे वाक्य खोडायचं होतं. सूनबाई ऐकत नाही.)

इतक्यात वायरमन विसरलेली पक्कड न्यायला परत आला. त्याने आम्हा घामेजलेल्या मंडळींकडे पाहिलं, शेगडीकडे पाहिलं, खाली वाकून फटीशी हात धरला आणि विचारलं, ज्योत लावलीय ती ठीक, पण ऊब का लावली नाही? दोन बटणं असतात म्हणे. एक ज्वाळांचं, एक उष्णतेचं. तासभर आम्ही चित्रासमोर घाम पुसत होतो. गिऱ्हाइकाने कोटाची बटणं एकेक करून परत लावली. खालच्या बाईला एकदम हुडहुडी भरली. मी शाल पांघरली आणि म्हटलं, तरी मी म्हणतच होते.

मग खरी ऊब लावली. ती येते न येते तोच घरभर अंधार. तुझा भाचा बाहेर दुकानात त्या गिऱ्हाइकाच्या पँटीवर इस्त्री फिरवायला गेला होता, आणि इस्त्री आणि शेगडी दोघी एका तारेला सोसेनात. दोन बहिणींसारखंच झालं. पण वायरमनने दुसऱ्या दिवशी शेगडीला वेगळी लाईन ओढून दिली. आता दोघी आपापल्या जागी तापतात, कोणी कोणाच्या वाटेला जात नाही. घर असं उबदार आहे की मांजर दुकानातलं लोकरीचं गाठोडं सोडून आत आलं आहे.

तेव्हा तू आता कुठल्या तोंडाने नाही म्हणतेस, ते बघते. सगळ्यांना आशीर्वाद.

तुझी,
ताई

ता. क. थंडी तुझ्या हाडांत आहे असं मी म्हटलं होतं. ते मागे घेत नाही. पण थोडी घरातही होती. मी आतून दोन स्वेटर घालून होते, तुला दिसले नाहीत ही तुझ्या चष्म्याची चूक.

ता. क. दुसरा. (मावशी, हे मी लिहितेय, आई पाणी प्यायला थांबल्या आहेत. तुमच्यापर्यंत न आलेलं एक धरून हे पत्र चौथं आहे. पहिलं त्यांनी सांगितलं तेव्हा त्यात नमस्कार-आशीर्वाद काहीच नव्हते, 'ये' एवढा एकच शब्द होता. मी पाकिटात घालत होते, तर म्हणाल्या, फाड, लगेच भाव खाईल ती. उंचीचं कळवते, खरं तर यांनी शेगडी सगळ्यांना चालेल अशा उंचीवर धरली होती. आईंनी खडू पुसून टाकला. प्लीज या.)

ता. क. तिसरा. मी दोन घोट पाणी प्याले तेवढ्यात सूनबाईचं पेन पानभर पळालं. मी एवढं काही बोलले नव्हते. तिने काय लिहिलं असेल ते निम्मं सोडून दे, आणि उरलेल्या निम्म्याला उत्तर द्यायला स्वतः ये. आणि हो, ही शेगडी एक शेंगदाणासुद्धा भाजत नाही, मी काचेवर ठेवून पाहिला. म्हणून निघायच्या दिवशी सकाळी तुझ्या चुलीत रताळी भाज, फडक्यात गुंडाळ आणि मांडीवर घेऊन ये; पार्सलने पाठवू नकोस, गार होतात. सात आण. सहा किंवा आठ आणलीस तर वाटणी सरळ होईल, मग आपण दोघींनी संध्याकाळभर करायचं काय?