पुढच्या चाकांवरचे वजन

दि. ९ नोव्हेंबर, सकाळ

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. तुझी प्रकृती बरी असेल आणि वर्कशॉप नीट चालले असेल, असे गृहीत धरतो. येथे नांगरट सुरू आहे. घराजवळचा पट्टा झाला. ओढ्याकडे उतरणारा राहिला. तो का राहिला, हे कळवण्यासाठी हे पत्र.

तू ट्रॅक्टर रंगवायला म्हणून नेलास. मी ‘रंगवायला’ म्हणालो होतो आणि तू ‘बरं दादा’ म्हणाला होतास. तो परत आला तेव्हा रंग जुनाच होता आणि बॉनेटखाली कुठल्याशा टेम्पोचे इंजिन होते. सीटवर चिठ्ठी : ‘दादा, इंजिन बदलवलं आहे. दुप्पट ताकद! आता नुसता उडेल बघ.’ ‘बदलवलं’ हे रूप तुला कोणी शिकवले, ते विचारत नाही. वडिलांनी घेतलेल्या, आपल्या दोघांपेक्षा वयाने मोठ्या यंत्राचे काळीज तू कोणाच्या परवानगीने काढलेस, एवढेच विचारतो.

उत्तर मला ठाऊक आहे. तुझ्या चिमणीच्या. माझ्या छत्तीस वर्षांच्या लेकीला तू अजून चिमणी म्हणतोस, आणि तिने फोनवर ‘काका, प्लीज’ म्हटले की तुझी अक्कल गहाण पडते.

मंगळवारी ती ओढ्याकडच्या पट्ट्यात चढाच्या दिशेने नांगरत होती. मी बांधावर होतो. तोडलेल्या झाडाच्या मुळीत फाळ अडकला. आता पुढचे सावकाश वाच. जुने इंजिन अशा वेळी दोन आचके देऊन बंद पडे. आपण त्याला शिव्या घालत असू, उतरून मुळी तोडत असू आणि पुन्हा हँडल मारत असू. त्याचे ते बंद पडणे हेच आपले संरक्षण होते, हे आपल्याला कधी सुचलेसुद्धा नाही. तुझे इंजिन बंद पडले नाही. नांगर हलेना, मागची चाके मातीत घट्ट रुतलेली आणि इंजिन जोर लावतेच आहे. मग सगळा ट्रॅक्टरच मागच्या आसावर उलटू लागला. पुढची दोन्ही चाके वर गेली. कमरेइतकी. छातीइतकी. तू उडेल म्हणाला होतास, उडाला.

तिने क्लच दाबला. पुढचा भाग असा आदळला, की बॉनेटचा पत्रा निखळून लांब जाऊन पडला.

“उतर खाली! आत्ताच्या आत्ता उतर!” मी ओरडलो.

ती धावत आली. “बाबा, ओरडू नका. मला काही झालेलं नाही. आधी तुम्ही उठा बघू.”

मी खाली का बसलो होतो, हा येथे मुद्दा नाही.

“काका कसला, कसाई आहे तो!”

“त्यांना काही बोलायचं नाही हं. मी सांगितलं म्हणून केलं त्यांनी.”

“उद्याच्या उद्या जुनं इंजिन परत बसवून घेतो.”

“घ्या की. मग नांगरही तुम्हीच धरा. त्या हँडलशी झटापट करण्यात माझं आयुष्य नाही घालवायचं मला. शहरातली नोकरी अजून बोलावतेय, ठाऊक आहे ना?”

दुपारी मी ताटावरून उठलो. तिने थांबवले नाही.

तुझे काम मी उघडून पाहिले आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तू बसवलेली पोलादी प्लेट केसभरही इकडेतिकडे नाही. एकही बोल्ट तिरपा नाही. म्हणूनच संताप अधिक. इतके कसब हातात असलेल्या माणसाने ट्रॅक्टर तपासला कुठे? वर्कशॉपच्या सपाट फरशीवर, नांगर न जोडता! अरे, जुने इंजिन बिडाचे, अवजड होते. पुढची चाके तेच दाबून धरत होते. तू ताकद दुप्पट केलीस आणि पुढचे वजन काढून घेतलेस. याच उतारावर लहानाचा मोठा झालेल्या माणसाने ही चूक करावी?

जुने इंजिन परत बसव, असे लिहिण्यासाठी बसलो होतो. ते लिहीत नाही.

पुढे लावायची बिडाची वजने घेऊन ये. नांगर जोडायचा हुक आसाच्या बराच खाली ने. ब्रेक मोठे बसव. सीटमागे लोखंडी कमान जोड. ट्रॅक्टर उलटला तरी चालवणाऱ्याचे डोके वाचेल अशी. चाचणी त्याच चढावर, नांगर जोडून होईल, आणि ती तू स्वतः देशील. ती पाहायला मी बांधावर येणार नाही. तोवर ट्रॅक्टरची बॅटरी माझ्या पलंगाखाली आहे. चिमणीला ते माहीत आहे. ती मागत नाही, आणि तिचे हे न मागणे मला मुळीच आवडत नाही. काल तिने कपाटावरची बॅग खाली काढून पुसून ठेवली.

तेव्हा कामे असतील ती राहू देत. चिमणी निघून गेली, तर दोष मी तुला देईन आणि पुढेही जगत राहीन. पण तिला त्या चढावर काही झाले, तर तुला क्षमा करायला मी उरणार नाही.

संतापलेला, आणि फाटकाशी खुर्ची टाकून बसलेला,
तुझा दादा