खाटेखाली सुकलेला पाला

आये, काल ऑफिसात एकीने शेवग्याच्या पाल्याच्या पावडरीचं पाकीट आणलं. पाठीमागे लोह, कॅल्शियम, प्रथिनं अशी भली मोठी यादी छापलेली. ती ताकात चमचा चमचा घालून सगळ्यांना पाजत होती, आणि त्या हिरव्या वासाने मी थेट तुझ्या खोलीत जाऊन पोचले. खाटेखाली जुनं लुगडं अंथरलेलं, त्यावर धुऊन निथळलेला पाला. लवकर वाळावा म्हणून मी शहाणपणाने तो अंगणात नेते आणि तू ओरडतेस, "उन्हान नको गो! सगली ताकद जाते त्याची. सावलीनच सुकव." मग हाताने चुरून, चाळून तू बरणी भरायचीस, आणि काड्या कोंबड्यांपुढे टाकायचीस.

माझ्या पहिल्या बाळाच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी रक्त कमी आहे म्हणून सांगितलं. तेव्हा आम्ही नवीन पनवेलला राहत होतो. दर शुक्रवारी बाजारात भाजीची पाटी रिकामी झाली की तू तशीच माझ्याकडे यायचीस, पदराखाली ती बरणी. "भाकरीच्या पिठान एक चमचा, वरनान एक चमचा. इसरू नको, बाय." मी हो म्हणायचे. आये, मी एक चमचाही घेतला नाही. सासूबाईंसमोर हिरवी भाकरी थापायची मला लाज वाटायची. माहेरचं गावठीपण त्या भाकरीत दिसेल असं वाटायचं. तू गेलीस की बरणी गॅलरीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत उपडी करायचे आणि पुढच्या शुक्रवारी घासूनपुसून तुझ्या हातात द्यायचे. मोगरा इतका फोफावला की तूच त्याचं कौतुक करून गेलीस.

रक्त वाढलं ते डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी. तू मात्र रिपोर्ट हातात घेऊन, एक अक्षर वाचता येत नसताना, नुसती बघत बसलीस. मग बाजारभर सांगत सुटलीस, "माज्या पाल्यानी पोरीचं रगत वारलं!" मी तुझ्या शेजारीच उभी होते आणि हसत होते.

दोन वर्षांनी तू आमचा जिना चढताना दर मजल्यावर बसायला लागलीस. नखं पांढरीफटक, दम लागलेला. डॉक्टरकडे चल म्हणून मी किती मागे लागले! तू चहा पीत गॅलरीत बसली होतीस. "मना कशाला डाक्तर? तुला पाला लागला, तो मना नाय लागनार? दोन चमचे घेतंय रोज." तेव्हा एकच वाक्य बोलायचं होतं. मी गोळ्या घेतल्या, तुझा पाला या कुंडीत गेला. कुंडी तुझ्या गुडघ्याला लागून होती. तुझा चेहरा पडलेला मला बघवला नसता, म्हणून मी फक्त "तरीपण चल ना" म्हटलं. "शिकलीस नि भित्री झालीस," म्हणत तू उठलीस.

पुढे तू बाजारातच कोसळलीस. पोटात आतल्या आत किती तरी महिने रक्त जात होतं म्हणे. "आधी आणलं असतं तर," असं डॉक्टर म्हणाले आणि पुढचं ऐकायला मी थांबले नाही.

काल मी तो पाला पहिल्यांदा चाखला. वाईट नाही गं लागत. तेवढ्यात त्या पाकीटवालीने विचारलं, "तुम्ही घेतलीय का हो कधी? माझंही रक्त कमी आहे. हे चालू केलं तर गोळ्या बंद करता येतील?" मी म्हटलं, "घे खुशाल, चांगलीच असते, पण गोळ्या सोडू नकोस. आणि रक्त का कमी झालं ते तपासून घे." असं का म्हणतेय, ते सांगितलं नाही. उलट पुढे बोलून गेले, "माझी आई घरी करायची. तिच्याच पाल्याने माझं रक्त वाढलं."

इतकी वर्षं सगळ्यांना हेच सांगत आलेय, तुझ्या नातवालासुद्धा. हे पत्र तुला पोचणार नाही, म्हणून तर लिहू शकले. तू समोर असतीस ना आये, तर रिकामी बरणी तुझ्या हातात देऊन मी आजही म्हटलं असतं, संपली गं, सगळी खाल्ली.