पिलं न फुटणारं झाड

धुळे, ४ जुलै २०२५

ती. आबांस,
ज्योत्स्नाचा शि. सा. न. वि. वि.

आई गेल्यापासून तुम्ही फोन बंदच ठेवलात, म्हणून पत्र. यावलला एकटे राहू नका, इकडे या, हे तिसऱ्यांदा लिहितेय. हट्टात तुमचा हात कोणी धरणार नाही!

कॉलेजात सध्या तीस कोटी वर्षांपूर्वीचं एक नेचं, म्हणजे फर्न, शिकवतेय, सॅरोनियस. दलदलीत वाढायचं, दोन मजली घराहून उंच. आता पृथ्वीवर कुठेच नाही. तुमच्या केळीसारखंच त्याचंही दिसणारं खोड फसवं. जेवता ना वेळेवर?

आपली,
ज्योत्स्ना

यावल, ९ जुलै

चि. ज्योत्स्नास अनेक उ. आ.

पत्र मिळालं. जेवतो. शेजारच्या सुपडूकडून डबा येतो. चव कळत नाही, पण रिकामा करून परत देतो. फार दुःख होतं का, असं त्याने विचारलं. काहीच होत नाही म्हणालो. त्याला ते आवडलं नाही.

तुझ्या नेच्याला केळीसारखी बुडाशी पिलं फुटायची का, एवढं कळव.

आबा

धुळे, १४ जुलै

ती. आबांस शि. सा. न.

नाही फुटायची. फांद्याही नाहीत. एकच खोड वर वाढत जायचं. नवी झाडं बीजाणूंतून, ओल मिळेल तिथे. खोड बुडाशी इतकं बारीक की झाडाचा भार पेलवू नये. पण वरूनच शेकडो मुळं खाली उतरायची आणि त्यांचा जाड वेढा झाडाला उभं धरायचा. त्या मुळांवर दुसरी नेचीही चढायची.

माझ्या अभ्यासात तुम्हाला कधीपासून गोडी? खरं सांगू, तुमचा प्रश्न वाचून भीती वाटली.

ज्योत्स्ना

यावल, १९ जुलै

चि. ज्योत्स्नास अनेक उ. आ.

घाबरू नकोस. घड उतरले की प्रत्येक केळीच्या बुडाशी पुढच्या पिकासाठी एक पील राखून बाकीची काढायची, हे तुला माहीत आहे. राखायचं कोणतं, ते तुझी आई ठरवायची. डबीतल्या चुन्याचं बोट लावत ती पुढे, कुदळ घेऊन मी मागे. बोट नसेल ते काढायचं. तीस वर्षं असंच चाललं.

तेराव्यानंतर बागेत गेलो. चुना कुठेच नव्हता. मी काढत गेलो. बांधाशी पोचून मागे पाहिलं, तर एकही पील उरलं नव्हतं. सुपडू ओरडत धावत आला. मला रडूही आलं नाही, त्याची लाज वाटते.

सोमवारच्या बसने येतो. रोज सकाळी मला काय करायचं ते सांगत जा.

माया आहे तशीच असू दे.

आबा