सुईची तार

रिठद, तालुका वाशीम
आषाढ वद्य पंचमी, सन १९३५

प्रिय शालिक,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत बसत नाही. हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी वाच, कोटाच्या खिशात घालून विसरू नकोस. तुझा हा गुण मला लहानपणापासून ठाऊक आहे. रंगू बरी आहे. पोट खाली उतरलं आहे आणि गोजराबाई सुईण म्हणते की अमावास्येच्या सुमारास मोकळी होईल. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, घरात केवढा आनंद असायला हवा. मी मात्र दिवसभर भिंतींकडे बघत फिरते आहे.

जमिनीतला आवाज थांबलेला नाही. मागचं पत्र लिहिलं तेव्हा तो एकदोनदाच झाला होता. पाऊस मुरायला लागल्यापासून वाढला. कुणी पायाखाली मोठं जातं ओढावं तशी घरघर येते, उतरंडीतली गाडगी वाजतात आणि मग सगळं गप्प होतं. परवा मी भाकरी थापत होते तर परात हाताखालून सरकली. त्याआधी गोठ्यातली गाय उगाच उठून उभी राहिली होती. जनावराला आधी कळतं की मलाच आता सगळ्यात तेच दिसतं, देव जाणे.

गावात ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळं कारण आहे. लोणारच्या तळ्याखाली गाडलेला लवणासुर कूस बदलतो, असं म्हातारी माणसं सांगतात. मराठी सातवी शिकलेले म्हणतात की लोणार हा विझलेला आगीचा डोंगर आहे आणि तो पुन्हा पेटणार. तू लिहिलं होतंस ते मी बायकांना समजावून पाहिलं. आपला हा काळा दगड म्हणजेच कोणे एके काळी भेगांमधून वर आलेला रस आहे, तो थरावर थर पसरत गेला आणि थंड झाला, त्याला इतका काळ लोटला की मोजायला आकडे पुरणार नाहीत, आता आपल्याखाली आग नाही. लोणारबद्दल साहेब लोकांतच वाद आहे हेही सांगितलं. त्यावर एकीने विचारलं, आग नाही तर मग आवाज कशाचा? खालचा खडक दाबाखाली असतो, कुठेतरी जुन्या भेगेवर तो जरासा सरकतो, हे तुझंच उत्तर मी दिलं. सरकतो म्हटल्यावर त्या जास्तच घाबरल्या. शिकवायचं काम तुझं, मला ते जमत नाही.

क्वेट्ट्याच्या भूकंपाची बातमी आली तेव्हापासून सगळं बिघडलं आहे. झोपलेली माणसं पहाटेच्या आत मातीखाली गेली, हे वर्तमानपत्रातून चावडीवर वाचलं गेलं. मुंबईच्या वेधशाळेतून तुझं पत्र मागाहून आलं. सकाळी धरणीची थरथर टिपणाऱ्या यंत्राचा कागद धुतला तर एरवीची बारीक रेघ काळीभोर फुगलेली दिसली आणि तुला जेवण गेलं नाही, असं तू लिहिलंस. अंतर कसं काढता तेही छान लिहिलंस. वाशीमच्या बाजारातून घोडा आणि बैलगाडी एकदमच निघाली, तर जवळच्या गावात घोड्यामागून गाडी लगेच पोचते, लांबच्या गावात पुष्कळ उशिरा. तशी धरणीची एक लाट पळत येते आणि दुसरी मागून, आणि दोघींमधल्या वेळावरून धक्का किती लांब झाला ते कळतं. हे मी रंगूलाही सांगितलं. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

पण गावाला घोडा नको, गाडी नको, सुई हवी आहे. तुझ्या यंत्रात सुई नसते, आरशावरून उजेडाचा ठिपका फोटोच्या कागदावर पडतो आणि कागद धुतल्याशिवाय काही दिसतच नाही, हे मी किती वेळा सांगितलं. तरी सुई ती सुईच. रिठदला सध्या दोनच अधिकारी माणसं आहेत, एक सुईण आणि दुसरी तुझी सुई. त्यातून वेधशाळा वादळाची तार बंदरांना आधीच धाडते हे लोकांनी ऐकलेलं, म्हणून धरणी हलायची असेल तर शालिग्रामची, म्हणजे तुझी, तार येणारच, असं सगळे धरून चालले आहेत. वाशीमहून सायकलवर कुणी येताना दिसलं की माणसं औत सोडून बांधावर येतात. तुझा ठिपका होऊन गेलेलंच सांगतो, होणारं सांगत नाही, हे माझ्याखेरीज इथे कुणालाच पटत नाही.

तुझं शेवटचं पत्र मी ओसरीवर मोठ्याने वाचलं. तुझे भाऊजी होते, सासूबाई होत्या, बाहेर चार शेजारी होते. तू लिहिलं होतंस की रिठदच्या बाजूचं कागदावर काही उठलेलं नाही. एवढं ऐकलं आणि मंडळी धोतर झटकून उठली. बारीक हादरा मुंबईपर्यंत पोचतच नाही, कागद कोरा म्हणून धोका नाही असं समजू नका, घर मातीचं असेल तर हलक्या छपराखाली झोपा, हे पुढचं सगळं मी वाचलं. ऐकायला भिंती तेवढ्या उरल्या होत्या.

आता आमची बाळंतिणीची खोली आठवून बघ. सगळ्यात आतली, एक दार, खिडकी नाही. वर धाबं. सागाच्या तुळया, त्यावर पळसाच्या फांद्या आणि त्यावर पांढरी माती. दर उन्हाळ्यात सासूबाई हौसेने नवा थर चढवतात आणि खालचा कधी कुणी काढत नाही, त्यामुळे माती गुडघाभर झाली आहे. ती आता भिजली आहे. मागच्या भिंतीला वरून खाली तडा गेला आहे आणि त्यात माझं बोट जातं. रंगू एकदा त्या खोलीत गेली की सव्वा महिना बाहेर येणार नाही. मी सासूबाईंना तडा दाखवला. त्या म्हणाल्या, "याच खोलीत माहे सारे लेकरं झाले. धाब्यानं कोनाले खाल्लं?"

मी गप्प बसले नाही रे. मळ्यात गवताने शाकारलेली खोप आहे, ती पडली तरी माणसाला खरचटण्यापलीकडे काही होणार नाही. रंगूला तिथे नेऊ द्या म्हणून यांच्या मागे लागले. तुझे भाऊजी वाईट नाहीत. त्यांनाही झोप नाही, मला दिसतं. पण ते गावचे पाटील, पाटलाने घर सोडलं तर गाव सोडेल, निंदणाच्या दिवसांत शेतं ओस पडतील, हा त्यांच्या डोक्यावरचा भार आहे. मी फार बोलले तेव्हा म्हणाले, "शालिग्रामची सुई काई सांगत नाही, अन् तू मले सांगून राह्यली?" मग मी कुणाला न विचारता रंगूची बाज अंगणात घातली. पाऊस आला, ती भिजली, अंगात कसर भरली आणि सासूबाईंनी तिला हाताला धरून आत नेलं. काल केस विंचरताना ती हळूच म्हणाली, "आई, मले त्या खोलीत भेव लागते." मी तिला सांगितलं की मामाला लिहिते.

तर आता लिहिते. शालिक, एक तार कर. सुई हलली, रिठदला धोका, धाब्याखाली कुणी झोपू नये, एवढंच घाल. सुई हा शब्द टाकच, तू कितीही नाक मुरडलंस तरी, कारण हे त्याच शब्दाला मानतात. हे खोटं आहे हे मला कळतं. न दिसलेली रेघ तू दिसली म्हणून सांगणार नाहीस, हेही कळतं, आणि तुझ्या साहेबाला समजलं तर नोकरीवर येईल. तरी मागते. तुझ्या एका खऱ्या वाक्याने माझी लेक त्या छताखाली राहिली आहे, तिला बाहेर काढायला मला खऱ्याचा उपयोग होत नाही. कदाचित काहीच होणार नाही. पाऊस सरेल, आवाज थांबेल, घर जिथल्या तिथे उभं राहील आणि गाव मळ्यातून परत येऊन शालिग्रामची सुई खोटी म्हणून तुला वर्षानुवर्षं हसत बसेल. मी देवापाशी दुसरं काही मागत नाही, त्यांनी तुला हसावं एवढंच मागते. अमावास्येच्या आत तार कर.

तुझीच,
मनकर्णाअक्का