मॅक्रोनी थांबत नाही

नागपूर,
रविवार, १४ मे १९७८

प्रेमिलाच्या आईले,

सप्रेम जयभीम. इकडे मी खुशाल. तिकडे तू, प्रेमिला, जावईबापू आणि आपला नवा नातूसाहेब मजेत असालच. पार्सल ऑफिसात दिवसभर शुद्ध लिहून हात अवघडते, म्हणून तुले बोलतो तसंच लिहून राहिलो. हसू नको.

तुझं कार्ड भेटलं. कार्ड टाकलं की सारं भिवापूर वाचते, हे तुले किती वेळा सांगितलं, पण ऐकशील तेव्हा ना. तू विचारलं, शाळा उघडली की प्रेमिला शिकवाले जाईल, लेकराले कोण पाहील, तर वर्षभर इथंच राहू काय? आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात, "तुमच्या जेवणाचे हाल होत असतील तर खरं सांगा, मी परत येते."

तर खरं सांगतो. हाल बिलकुल नाहीत. खानावळ केव्हाचीच सोडली. तुझा नवरा आता स्वतः रांधते, आणि काय रांधते ते ऐक.

सीताबर्डीवर एका दुकानात मॅक्रोनीची पुडी दिसली. गव्हाच्या पिठाच्या वाळवलेल्या नळ्या. घेतली. पहिल्या दिवशी भातासारखीच गंजात टाकली, वर दोन बोटं पाणी, झाकण, आणि मी पेपर वाचाले बसलो. झाकण काढलं तर आत पोस्टर चिकटवाची खळ. तेवढ्यात शेजारच्या यमुताई वाटी परत द्याले आल्या. गंजात डोकावून म्हणाल्या, "काय गा भाऊ, एवढ्या चांगल्या सरगुंड्यांचा लगदा कसा काय केला?"

सरगुंडे! मले हसूच आलं. तू दर उन्हाळ्यात काडीवर कणीक गुंडाळून, खाटेवर वाळवून, मंग उकडून आमरसासोबत वाढतं, तेच की हे. विलायती म्हणून मी उगाच त्याले भाव देऊन राहिलो होतो. मंग आठवाले बसलो, तू सरगुंडे शिजवतं कसे. मी आपला पाटावर बसून ताटाची वाट पाहणारा, पण स्वयंपाकघराचं दार उघडं राहे, दिसे सारं. आठवत आठवत जमलं. आता तुलेच शिकवतो, दिवस पाहा कसे आले.

पाण्यात कंजुषी कराची नाही. मोठा गंज, भरपूर पाणी, ते पुरतं खळखळलं की मीठ, आणि मंगच नळ्या. झाकण ठेवाचं नाही, पेपर वाचाचा नाही, ढवळत उभं राहाचं. एक नळी काढून दाताखाली धराची. तिच्या मधात पांढरा ठिपका दिसला तर कच्ची. ठिपका गेला आणि तरी दाताले जराशी अडली, की उतरवाची. यमुताई म्हणाल्या, गार पाण्यानं धुवा. एकदा धुतल्या, तर टमाट्याचा रस अंगाले धरेच ना, सारा ताटात खाली. आता धूत नाही. कढईत तेल, लसूण, टमाटे, तू पाठवलेलं भिवापुरी तिखट बेतानं. त्यात नळ्या, वरून, ज्यात उकडल्या त्याच पाण्याची वाटी. मागच्या रविवारी ऑफिसातले रुपराव जेवले, बोटं चाटून म्हणाले, "वहिनीले आता सुट्टीच देऊन टाका." मी म्हटलं, दिलीच समजा.

खरं सांगा म्हणालीस ना, तर पुढचंही सांगतो. हे प्रेमिलाले वाचून दाखवू नको.

परवा मी जेवलो आणि अर्धं झाकून ठेवलं. काहून? सवयीनं. आपल्या घरात माझं ताट झालं तरी तुझ्या वाट्याचं झाकलेलं राहतेच, तसं. भांडी आवरली, पाणी भरलं, मंग झाकण उघडलं तर गार गोळा. चमच्यानं उचलला तर अख्खा उठला. हा पदार्थ थांबत नाही वं. उतरवला की तेव्हाच खावा लागते. तो गोळा घेऊन मी स्वयंपाकघरात खाली बसलो, तू बसतं तिथंच, पिठाच्या डब्याकडे तोंड करून, आणि खाल्ला. खाता खाता ध्यानात आलं, लग्न झाल्यापासून तू अशीच जेवून राहिली. गार झालेलं, एकटी, डब्याकडे पाहत. मी कधी पाहिलंच नाही, कारण तोवर मी बाहेर पान लावत बसलो राहो. मले लई वाईट वाटलं. डोळ्यात पाणी आलं म्हणशील, तर त्या दिवशी तिखटही जरा जास्त पडलं होतं.

आता तुझ्या सवालाचं उत्तर. रांधाचे हाल नाहीत, त्या कारणानं येऊ नको. लेकराले तुझी गरज आहे, तू खुशाल वर्षभर राहा, माझी ना नाही. पण रांधता येणं वेगळं आणि जेवता येणं वेगळं, हे मले आत्ता समजलं. मले एकट्यानं जेवता येत नाही.

म्हणून येत्या शनिवारी ड्युटी सुटली की छोट्या रेलगाडीनं येतो. दर शनिवारी येईन. पुड्या मी आणतो, रांधीनही मीच. आधी जावयाले, मंग मले, मंग बायांचं, असं चालणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो. सारे एकदमच बसू. आणि तू माझ्या समोर बसजो.

पाकिटावर पत्ता लिहिला तेव्हा तुझं नाव लिहावं लागलं. चांगलं नाव आहे. तोंडानं मी ते कधी घेतलंच नाही.

पंचफुला, गाडीची शिट्टी ऐकू आली की पाण्याचा मोठा गंज चढव.

तुझा
ताराचंद